डुकरांमधील काविळीचा विषाणू माणसाला लागू शकतो का?
कुडाळजवळ डुकरे पाळणाऱ्यांनी या विषाणूची काळजी करावी का, असा आपला प्रश्न आहे. हिपॅटायटिस ई या काविळीच्या विषाणूपुरते उत्तर होय. १९९७ साली अमेरिकेतील डुकरांत हा विषाणू सापडला आणि पुढील प्रयोगांत तो टोचल्यावर ऱ्हीसस माकडांना व चिंपांझीलाही संसर्ग झाला. कोंबड्यांमधला त्याचा भाऊबंद मात्र माकडांत रुजला नाही. भारतातील डुकरांत हिपॅटायटिस ईचा जनुकप्रकार ४ (जनुकांतील फरकावरून पाडलेला प्रकार) आढळतो, तर आपल्याकडील साथी दूषित पाण्यातून पसरणाऱ्या, माणसांतल्याच प्रकार १ च्या असतात. त्यामुळे पावसाळ्यात विहिरीचे पाणी उकळूनच प्यावे, हे मला अधिक निकडीचे वाटते, विशेषतः घरात गरोदर स्त्री असल्यास. जांभ्यातून पाणी लवकर झिरपते, म्हणून डुकरांच्या गोठ्याचे सांडपाणी विहिरीपासून दूर न्यावे आणि डुकराची कलेजी आतपर्यंत शिजवावी.