आईंच्या फोनवर आलेली लग्नपत्रिका आणि पुढचं काम

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. येळ्ळूरच्या ओळखीच्या बाईंच्या नंबरवरून आईंना व्हॉट्सअॅपवर "लग्नाला यायचं हं" असं लिहून पत्रिका आली. आईंनी ती दाबली, काहीच उघडलं नाही. दोन दिवसांनी आईंच्याच नंबरवरून ती पत्रिका सगळ्या पाव्हण्यांना गेली. खात्यातले पैसे अजून आहेत, आणि आता काय करायचं, असं तुम्ही विचारलंय.

बेळगावच्या शहापुरात गेली चौदा वर्षं माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. यातलं बरंच हाताखालून गेलंय, म्हणून सविस्तर लिहितो. पण आधी हातातलं काम. वाचणं थांबवा आणि आईंच्या फोनमधलं सिम काढा. वायफाय बंद करा. सिम दुसऱ्या, शक्यतो साध्या बटणाच्या फोनमध्ये घाला, म्हणजे ओटीपी चोराच्या हाती जाणार नाही. मग पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर बँकेला फोन करून यूपीआय, नेटबँकिंग आणि कार्ड बंद करायला सांगा. गूगलवर बँकेचा नंबर शोधू नका, तिथं खोटे नंबर पेरलेले असतात.

ती पत्रिका नव्हतीच. खरी पत्रिका फोटो असते, पीडीएफ असते, नाहीतर व्हिडिओ. तुमच्याकडं आलेल्या फाइलच्या नावाच्या शेवटी टिंब आणि मग एपीके अशी तीन इंग्रजी अक्षरं असणार, बघा. एपीके म्हणजे अॅप. दाबल्यावर फोन विचारतो, "अनोळखी ठिकाणचं अॅप घालू का?" घाईत आपण हो म्हणतो. मग ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं, तीही आपण देतो. तिथून पुढं तुमचा ओटीपी तुमच्याआधी त्यांना दिसतो.

कडोलीकडचे एक काका मागच्या श्रावणात दुकानात आले. पीएम किसानचा हप्ता अडकलाय म्हणून कुणीतरी फाइल पाठवलेली. त्यांनी पासबुक काचेवर ठेवलं आणि तीन ओळींवर बोट फिरवलं. तिन्ही वेळा पैसे रात्री गेलेले, आणि फोनवर बँकेचा एकही मेसेज नाही. मी सेटिंगमधली अॅपची यादी उघडली. खाली खाली गेल्यावर एक रिकामी जागा सापडली, ना नाव ना चित्र. तेच ते अॅप. मेसेज येत होते आणि ते पुसून टाकत होतं. काका अकरा दिवसांनी आले होते, कारण घरी कळलं तर मुलगा ओरडेल अशी त्यांना भीती होती. म्हणून हात जोडून सांगतो, आईंना एक शब्दही बोलू नका. बोलणी बसली की पुढच्या वेळी माणूस लपवतो, आणि या कामात एकेक तास महत्त्वाचा असतो.

आता आपल्या भागाचं. कर्नाटकच्या गृहलक्ष्मी योजनेचे 2000 रुपये सरकार थेट खात्यात घालतं. अर्ज ग्राम वन, कर्नाटक वन अशा केंद्रात होतो, त्यासाठी व्हॉट्सअॅपवर फाइल येत नाही. दुसरा निरोप फिरतो तो महाराष्ट्राच्या नावानं: "सीमाभागातल्या बहिणींनाही लाभ, लिंकवर नाव घाला." महात्मा फुले जन आरोग्य योजना आपल्या 865 गावांना लागू करायचा निर्णय 2023 साली झाला होता, म्हणून अशा निरोपावर आपला चटकन विश्वास बसतो. लिंक दाबायच्या आधी कोल्हापूरच्या, चंदगडच्या पाव्हण्याला फोन लावा. आणि कर्नाटकातलं सरकारी खातं तुम्हाला गोड मराठीत चलन किंवा लाभाचा निरोप धाडतंय, तर तिथंच थांबा. इथल्या सरकारी कागदावर मराठी यावी म्हणून आपण किती वर्षं झगडतोय, ते तुम्हाला माहीतच आहे. कन्नड मेसेज वाचता येत नसेल तर शेजारच्या कॉलेजच्या पोराकडून वाचून घ्या, अंदाजानं काही दाबू नका.

ओटीपी, सहा आकडी कोड कुणालाच द्यायचा नाही, अगदी सख्ख्या भावाच्या नंबरवरून मागितला तरी. यूपीआयचा पिन पैसे जाताना लागतो, येताना कधीच नाही.

व्हिडिओ कॉलवर पोलिसांच्या वेशात "तुम्हाला डिजिटल अटक केली" म्हणणाऱ्यांचा धोका मात्र गंभीरपणे घ्या. अशी अटक कायद्यात नाहीच. ऑक्टोबर 2024 मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये अशा कॉलचं रेकॉर्डिंग ऐकवलं, ते विजापूरच्या माणसाचं होतं. 2025च्या मार्चमध्ये आपल्याच खानापूर तालुक्यात अशा छळापायी एका वृद्ध जोडप्यानं जीव दिला. अजूनही ते आठवलं की गलबलून येतं. ही माणसं पहिल्यांदा सांगतात, "कुणाला सांगू नका, फोन ठेवू नका." कुणी असं म्हटलं की फोन कापा आणि शेजारच्या घरात जाऊन सांगा.

तुमच्याकडं परत येतो. पैसे हलले असतील तर लगेच 1930 वर फोन करा. तिथून पुढच्या बँकेला कळवून रक्कम अडवतात, पण ती काढली जायच्या आत पोचायला हवं. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवून क्रमांक लिहून ठेवा आणि बेळगावच्या सीईएन, म्हणजे सायबर गुन्हे बघणाऱ्या, पोलीस ठाण्यातही द्या. त्या फाइलचा आणि मेसेजचा स्क्रीनशॉट आधी काढा, पुसून टाकू नका.

त्यानंतर फोन साफ करायचा. फोटो तारेनं कॉम्प्युटरवर घ्या आणि फोन पूर्ण रीसेट करा, नुसतं अॅप काढून भागत नाही. बँकेचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. व्हॉट्सअॅप पुन्हा चालू केल्यावर 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये अनोळखी काही दिसलं तर काढा आणि दुहेरी पडताळणीचा पिन घाला.

आणि आजच, अंधार पडायच्या आत, आईंच्या फोनवरून पत्रिका गेलेल्या प्रत्येक घरी साधा फोन करा. मेसेज नको, त्या नंबरच्या मेसेजवर आता कुणी विश्वास ठेवू नये हेच तर सांगायचंय. सुरुवात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांपासून करा.