वेलांटी पुसू नका

प्रश्न : माझे मामा जयप्रभा स्टुडिओत सुतारकामाला होते. 1974 साली माझी मॅट्रिकची परीक्षा झाली आणि ते मला शूटिंग दाखवायला घेऊन गेले. वाड्याचा चौक मामांनीच ठोकलेला, पुढून दगडी आणि मागून नुसत्या फळ्या आणि गोणपाट. दुपारच्या सुट्टीत आमचे आवडते नट (नाव वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलंय) बाजल्यावर बसून भाकरी खात होते. मी त्यांचा फोटो घेऊन गेले होते. त्यांनी हात धुतला, टॉवेलला पुसला आणि माझ्याच शाईच्या पेनानं फोटोच्या वरच्या कोपऱ्यात माझं नाव घालून सही केली. नावात पहिली वेलांटी पाहिजे तिथं दुसरी दिली. मी काही बोलले नाही, बोलणार कशी? नंतर मामांनी त्यांच्या फेट्याचा तुटलेला जरीचा काठही आणून दिला.

2019 च्या महापुरात शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात पाणी शिरलं. फोटोची फ्रेम कपाटाच्या खालच्या कप्प्यात होती, ती निम्मी भिजली. सही कोरडी राहिली, पण खालचा भाग काचेला चिकटलाय. एका दुकानात दिला तर त्यांनी कॉम्प्युटरवर नवा करून दिला. चेहरा लोण्यासारखा गुळगुळीत, आणि माझ्या नावातली वेलांटी दुरुस्त! नातू म्हणतो, काच काढू आणि लॅमिनेशन करू. काय करू?
– एक वाचक, शुक्रवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : ताई, नातवाला आधी चहा द्या आणि त्याच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर काढून घ्या. काच काढायची नाही.

नटांचं नाव मी छापत नाही. मागं एकदा एक नाव छापलं, तर आठवडाभर ‘सहीचे किती देतील’ असले फोन मलाच आले.

आता फोटोचं. तुमचा तो ब्रोमाइड आहे, म्हणजे डार्करूममध्ये काढलेला जुन्या पद्धतीचा फोटो. त्याच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो आणि चित्र त्या थरात असतं. पाणी लागलं की जिलेटिन फुगतं, मऊ होतं आणि वाळताना समोर असेल त्याला धरतं. तुमच्याकडं समोर काच होती. ओढलात तर कागद तुमच्या हातात येईल आणि चेहरा काचेवर राहील. हे पुस्तकातलं ज्ञान नाही. 2005 च्या पुरानंतर एका गिऱ्हाइकाचा लग्नातला फोटो मी असाच घाईनं सोडवायला गेलो. नवरीचा अर्धा चेहरा अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. त्यांनी मला काही म्हटलं नाही, त्याचाच जास्त त्रास झाला.

असा फोटो काचेसकट स्वच्छ थंड पाण्यात बुडवून ठेवला तर काही वेळा आपोआप सुटतो, हे खरं. पण तुमची सही शाईच्या पेनाची आहे. ती शाई पाण्यात विरघळते. म्हणजे चेहरा वाचवायला गेलात तर सही जाईल. बॉलपेनची असती तर मी वेगळा विचार केला असता.

म्हणून यापुढं काच हा त्या फोटोचाच भाग समजा. मागचा जुना पुठ्ठा मात्र काढायला लावा. पुराचं पाणी प्यायलेला पुठ्ठा दर पावसाळ्यात ओल धरतो आणि बुरशी तिथूनच सुरू होते. काच-फोटो जोडी आडवी, पालथी ठेवून खिळे काढायचे आणि नवा आम्लविरहित पुठ्ठा लावायचा. पुठ्ठा चिकटवायचा नाही, नुसता टेकवायचा. लॅमिनेशनचं नाव काढू नका. त्यात उष्णता आणि गोंद दोन्ही आले, आणि एकदा केलेलं लॅमिनेशन परत सोडवता येत नाही.

फ्रेम बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, ती ओलावते. उन्हातही नको. किती उंचीवर टांगायची हे शुक्रवार पेठेतल्या माणसाला मी काय सांगणार! राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट, आणि 2019 साली पंचगंगा 55 च्याही वर गेली होती. तुमच्या भिंतीवर रेघ असेलच.

इतर वाचकांसाठी एक गोष्ट. काच आणि फोटो यांच्यामध्ये माउंटची जाड चौकट घातली असती तर हे चिकटणं बहुतेक टळलं असतं. राजारामपुरीत नट आणि चित्रकार चंद्रकांत मांडरे यांच्या चित्रांचं संग्रहालय आहे, तिथं त्यांची पावडर शेडिंगची चित्रं बघून या. कोरडी पावडर कागदावर चोळून काढलेलं असलं चित्र काचेला टेकलं तर रंग काचेवर उतरणारच. त्यामुळं अशा चित्राला माउंट लावावाच लागतो. तोच न्याय फोटोला.

कॉम्प्युटरवाल्याचा ‘नवा’ फोटो पाहुण्यांना दाखवायला ठेवा हवं तर. पण मूळ फोटोचा जसा आहे तसा, डागासकट, एक फोटो काढून घ्या. फ्लॅश बंद, दोन्ही बाजूंनी तिरका उजेड, आणि काचेत काढणाऱ्याची सावली दिसू नये म्हणून कॅमेऱ्यामागं काळं कापड. आणि ती वेलांटी! नावं बरोबर लिहिलेल्या सह्या पुष्कळ असतील. एका हातानं भाकरी बाजूला ठेवून, समोरच्या घाबरलेल्या पोरीचं नाव घाईत लिहिताना जी चूक झाली, ती फक्त तुमच्याकडं आहे. ती कुणालाही दुरुस्त करू देऊ नका.

जरीचा काठ धुतलेल्या, खळ नसलेल्या मलमलीत गुंडाळून ठेवा. प्लॅस्टिकची पिशवी नको, डांबराच्या गोळ्याही नकोत. जरीची तार काळी पडली असेल तर पडू दे, घासू नका.

आणि जे मला लिहिलंत ते एका वेगळ्या कागदावर परत लिहा. मामांचं नाव, ते स्टुडिओत काय करायचे, चौक कसा ठोकला होता, सगळं. नटांबद्दल लिहिणारे खूप आहेत, फळ्या ठोकणाऱ्यांबद्दल कोण लिहितंय? गांधीहत्येनंतर 1948 साली हाच जयप्रभा जळाला, पुन्हा उभा राहिला. 1915 चं आपलं केशवराव भोसले नाट्यगृह 2024 च्या 8 ऑगस्टला रात्री पेटलं. त्यानंतर महिनाभर मला जुनी तिकिटं कशी जपायची याचीच पत्रं येत होती. तिकिटं सगळ्यांकडं होती, पण त्या तिकिटावर कुठला प्रयोग बघितला हे निम्म्यांना आठवत नव्हतं.

प्रश्न : वडिलांना एका नटांनी टपालानं सहीचा फोटो पाठवला होता. सही हातानं केलेली की छापील, कसं ओळखायचं?
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : सही पांढरी असेल तर जवळजवळ नक्कीच छापील. निगेटिव्हवर काळ्या शाईनं सही करायची, म्हणजे त्यावरून काढलेल्या प्रत्येक फोटोत ती पांढरी उमटते. आमच्या डार्करूममध्ये हे नेहमीचं काम होतं, एका निगेटिव्हवर शंभर-शंभर कॉप्या मारायचो. सही निळी किंवा काळी असेल तर फोटो खिडकीपाशी तिरका धरा. हातानं केलेल्या सहीची शाई वरच्या चकाकीपेक्षा वेगळी चमकते, बॉलपेन असेल तर दाबल्याची खाचही दिसते. भिंगाखाली ठिपके-ठिपके दिसले तर छापखान्याचं काम.

पण छापील निघाली तरी पाकीट टाकू नका. त्यावरचा तुमच्या वडिलांचा पत्ता कुणीतरी हातानंच लिहिलेला असणार.