आजीच्या ताम्हनातला पोर्तुगीज राजा

प्रिय सोनू,

लक्ष्मीपूजनाला आजी ताम्हनात जुने चांदीचे रुपये मांडते, त्यांवर पोर्तुगीज राजा आहे, मग आपण त्याला हळदकुंकू का वाहतो, असं तू फोनवर विचारलंस. आजीने हसून प्रश्न माझ्याकडे ढकलला.

शनिवारी इथे लिस्बनमध्ये पोर्तुगालच्या मध्यवर्ती बँकेचं पैशांचं संग्रहालय बघून आलो. ते चक्क एका जुन्या चर्चमध्ये आहे, आणि तिथे खऱ्या सोन्याच्या विटेला हात लावता येतो. (आजी असती तर आधी नमस्कार केला असता!) तिथे तुझा प्रश्नच डोक्यात घोळत होता.

आपल्या नाण्यावरचा राजा म्हणजे दों लुईस, साल १८८१. त्याआधी १८७८ मध्ये पोर्तुगाल आणि इंग्रजांचा करार झाला होता. त्यामुळे गोव्याचा रुपया इंग्रजांच्या रुपयाच्याच वजनाचा आणि कसाचा झाला: ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक जुना तोळा (हल्लीचा दहा ग्रॅमचा नव्हे). तोंड लिस्बनच्या राजाचं, वजन मुंबईच्या रुपयाचं. घरात तो जपला गेला तो चांदी म्हणून. आजी लक्ष्मी मानते ती त्या चांदीला. राजा आपला फुकटात हळदकुंकू घेतो.

कागदाच्या नोटांना असा मान मिळाला नाही. १९५९ च्या सुमारास गोव्यात रुपया जाऊन एस्कुदो हे पोर्तुगीज चलन आलं, सहा एस्कुदोंना एक रुपया या दराने. लोकांना हिशेब अंगवळणी पडतो न पडतो तोच १९ डिसेंबर १९६१ उजाडला, गोवा मुक्त झाला, आणि पुढे भारतीय रुपया आला.

सोन्याची कथा तर अजून लांबली. बांको नासिओनाल उल्त्रामारिनो या पोर्तुगीज बँकेत गोवेकरांनी गहाण ठेवलेले दागिने मुक्तीच्या तोंडावर लिस्बनला नेले गेले. ते परत यायला १९९१ साल उजाडलं. तोवर कितीतरी पाटल्या-बांगड्यांच्या मालकिणी देवाघरी गेल्या असतील. म्हाताऱ्या बायका सोनं-चांदी घरच्या डब्यातच का ठेवतात, याचं मला तरी नवल वाटत नाही.

यंदा पूजा झाली की आजीला विचारून एक रुपया सोनाराच्या काट्यावर ठेवून बघ. झिजेमुळे जुन्या तोळ्याला थोडा कमीच भरेल. आणि ती रांगोळीने घासायला लागली की हळू घासायला सांग, राजाचं नाक आधीच गेलंय.

तुझे,
बाबा