आजार वाढला नाही, निकष बदलले

प्रिय ताई,

मी ३० वर्षांचा आहे. तेराव्या वर्षी, २००८ साली, शाळेच्या सांगण्यावरून आई-बाबांनी मला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. निदान झालं 'एस्पर्जर सिंड्रोम', म्हणजे बोलणं वेळेवर येऊनही माणसांमध्ये मिसळायला अवघड जाणं. आईने तेव्हा विचारलं होतं, की हा एका जागी बसत नाही, वस्तू हरवतो, हातातलं काम अर्ध्यावर टाकतो, त्याचं काय? डॉक्टर म्हणाले, ते यातच आलं, वेगळं काही नाही. पुढे मी त्या नावाशी जमवून घेतलं. त्याबद्दल वाचलं, मित्रांना सांगितलं, माझ्यासारखेच काही जण भेटले. आता नोकरीत ताण फार वाढला म्हणून नव्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बरंच काही विचारलं, अगदी शर्टाच्या लेबलचा त्रास होतो का इथपर्यंत. (होतो. कापल्याशिवाय घालता येत नाही.) रिपोर्टमध्ये लिहिलंय, 'ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर, सोबत एडीएचडी'. पहिलं माणसांशी संवाद अवघड जाण्याचं आणि ठरावीक गोष्टींत अडकून राहण्याचं, दुसरं लक्ष न लागण्याचं आणि चंचलपणाचं. एस्पर्जरचं नावही नाही. आई रिपोर्ट वाचून रडली. तिला वाटतं, दुखणं वाढत वाढत पुरता ऑटिझम झाला आणि आपण वेळेवर काही केलं नाही. मला मात्र राग आलाय. पहिले डॉक्टर चुकले की हे चुकतायत? नावं अशी बदलत असतील तर यातलं खरं काय? उद्या कुणी तिसरंच नाव दिलं तर? मग औषध तरी कशाच्या भरवशावर घ्यायचं?

– दोन निदानांमधला

प्रिय मित्रा,

आधी आईला सांग, की तुझं दुखणं वाढलेलं नाही. हे आजच सांग, बाकीचं पत्र नंतर वाचलंस तरी चालेल. २००८ पासून आजपर्यंत बदललं आहे ते डॉक्टर निदान करताना वापरतात ते पुस्तक. तुझे दोन्ही डॉक्टर आपापल्या काळातल्या पुस्तकाला धरून वागले, असंच तुझ्या पत्रावरून दिसतं.

मानसिक विकारांच्या निदानासाठी जगभरात दोन मोठे आधार आहेत. एक अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनचं 'डीएसएम', दुसरं जागतिक आरोग्य संघटनेचं 'आयसीडी'. तुझं पहिलं निदान झालं तेव्हा डीएसएमची चौथी आवृत्ती चालू होती, १९९४ ची. एस्पर्जर हे वेगळं निदान म्हणून डीएसएममध्ये आलं ते याच आवृत्तीत. तिथे ऑटिझम आणि एस्पर्जर यांच्यातली एक मुख्य रेघ भाषेची होती. मूल दोन वर्षांचं होईतो सुटे शब्द आणि तीन वर्षांचं होईतो छोटी वाक्यं बोलत असेल, म्हणजे भाषेला ठळक उशीर नसेल, तर एस्पर्जर.

आता तेरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हा नियम लावायचा म्हणजे काय, ते बघ. समोर बसलेला मुलगा फडाफडा बोलतोय आणि डॉक्टर आईला विचारतायत, 'पहिला शब्द कधी बोलला?' आई दहा-अकरा वर्षांपूर्वीचं आठवून सांगते, 'दोनच्या आत असेल बहुतेक.' त्या 'बहुतेक'वर नाव ठरतं. एखाद्या आईला 'अडीच' आठवलं असतं, तर त्याच मुलाच्या फायलीवर दुसरं नाव पडलं असतं.

हे नुसतं माझं मत नाही. ऑटिझमच्या संशोधक कॅथरीन लॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ विद्यापीठांच्या केंद्रांमधली २,००० हून जास्त मुलं अभ्यासली आणि २०१२ मध्ये निष्कर्ष छापले. कोणत्या मुलाला ऑटिझम म्हटलं, कोणाला एस्पर्जर, हे मुलाच्या लक्षणांपेक्षा तो कोणत्या केंद्रात गेला यावरून जास्त नेमकं सांगता येत होतं. मूल तेच, पण केंद्र बदललं की नाव बदलायचं. अशी रेघ ठेवून कुणाचं भलं होणार होतं? २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत ती पुसली. ऑटिझम, एस्पर्जर आणि आणखी काही निदानं 'ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर' या एका नावाखाली आली. आयसीडीच्या अकराव्या आवृत्तीनेही तेच केलं. ती २०२२ पासून लागू आहे.

त्याच पाचव्या आवृत्तीत एक छोटी टीप आहे आणि ती तुझ्या अगदी कामाची आहे. ज्यांचं एस्पर्जरचं निदान आधीच नीट झालेलं आहे त्यांना ऑटिझम स्पेक्ट्रमचंच निदान द्यावं, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. म्हणजे तुझ्या जुन्या कागदाला कुणी खोटं पाडलेलं नाही. रिपोर्टमध्ये पातळी लिहिली असेल तर तीही आईला दाखव. किती आधाराची गरज आहे त्यावरून एक ते तीन अशा पातळ्या असतात आणि एक ही सगळ्यात कमी गरजेची. एकाच नावाखाली अजिबात न बोलणारं मूलही येतं आणि नोकरी करणारा तूही येतोस. आईच्या मनात 'ऑटिझम' म्हटल्यावर जे चित्र येतं ते बहुधा या पटाच्या, म्हणजे स्पेक्ट्रमच्या, एकाच टोकाचं आहे.

शर्टाच्या लेबलचंही कोडं इथेच सुटतं. आवाज, स्पर्श, उजेड यांचा जास्त किंवा अगदी कमी त्रास होणं हे चौथ्या आवृत्तीच्या ऑटिझमच्या निकषांत नव्हतं, पाचव्यात आलं. लेबलं तर तू तेव्हाही कापत असशील, पण त्याबद्दल विचारायचं असतं हे तेव्हाच्या यादीत नव्हतं.

आता एडीएचडी. तुझ्या रागाला खरी जागा इथे आहे. चौथ्या आवृत्तीचा नियम असा होता, की ऑटिझमच्या गटातलं निदान असेल तर त्या काळात दिसणाऱ्या चंचलपणाला आणि लक्ष न लागण्याला एडीएचडी हे वेगळं नाव द्यायचं नाही. आईने अगदी बरोबर प्रश्न विचारला होता आणि डॉक्टरांनी तेव्हाच्या नियमाला धरूनच उत्तर दिलं: ते यातच आलं. २०१३ मध्ये ही मनाई उठली, कारण दोन्ही एकत्र असणारी माणसं सर्रास दिसत होती. त्याच वेळी आणखीही निकष सैल झाले. लक्षणं वयाच्या सातव्या वर्षाआधी दिसायला हवीत ही अट बाराव्या वर्षापर्यंत सरकली आणि १७ वर्षं आणि त्यापुढच्या माणसाला सहाऐवजी पाच लक्षणं पुरेशी ठरली.

या नियमाची किंमत तू मोजलीस, हे मला नाकारायचं नाही. हरवलेल्या वस्तू, अर्धवट राहिलेली कामं, त्यावरून खाल्लेली बोलणी, या सगळ्यावर काही उपाय आहे हे कुणी सांगितलंच नाही. २०१३ नंतर तुला परत बोलावून कुणी तपासलं नाही. पुस्तक बदललं की जुन्या रुग्णांपर्यंत ती बातमी पोचवायची जबाबदारी कुणाचीच नसते. हे मला फार चुकीचं वाटतं. राग येऊ दे. फक्त तो त्या दोन डॉक्टरांपैकी एकाला खोटं ठरवण्यात घालवू नकोस.

'यातलं खरं काय?' हा तुझा प्रश्न मी टाळणार नाही, कारण तो रास्त आहे. या पुस्तकांच्या इतिहासात लाज वाटावी अशी पानं आहेत. समलैंगिकता डीएसएममध्ये विकार म्हणून होती. १९७३ च्या डिसेंबरात ती काढली आणि त्यावर पुढच्या वर्षी त्या अमेरिकन संघटनेच्या सदस्यांनी मतदानही केलं. ५८ टक्क्यांनी काढण्याच्या बाजूने कौल दिला. जागतिक आरोग्य संघटनेने ती वगळायला १९९० उजाडलं. तिथे आजार मुळात नव्हताच. पूर्वग्रहालाच निदानाचं नाव दिलं होतं आणि त्यापायी माणसांची आयुष्यं होरपळली. उलट पीटीएसडी, म्हणजे मोठ्या आघातानंतर मागे राहणारा मानसिक त्रास, बघ. युद्धातून किंवा अत्याचारातून गेलेल्या माणसांचं ते दुःख कित्येक पिढ्या होतंच, डीएसएममध्ये त्या नावाने आलं १९८० साली, व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी बराच आग्रह धरल्यावर. म्हणजे कधी पुस्तक नसलेला आजार बघतं, तर कधी असलेला बघत नाही. आणि कधी, तुझ्यासारख्या बाबतीत, दिसत असलेल्याचीच मांडणी बदलतं. या तीन गोष्टींना एकाच मापाने मोजता येणार नाही.

तज्ज्ञांचंही सगळ्यावर एकमत नसतं. चौथ्या आवृत्तीचं काम ज्यांच्या नेतृत्वाखाली झालं त्या अॅलन फ्रान्सिस यांनीच पाचव्या आवृत्तीवर उघड टीका केली. जवळचं माणूस गेल्यावरचं साधं दुःखही आता नैराश्य म्हणून नोंदलं जाईल, ही त्यांची एक मोठी तक्रार होती. हा वाद चालूच राहील आणि राहायलाच हवा. ऑटिझम किंवा एडीएचडी रक्त तपासून किंवा मेंदूचा फोटो काढून ठरवता येत नाही. माणसांचं वागणं, बोलणं, त्यांना होणारा त्रास बघून, त्यातल्या एकत्र आढळणाऱ्या गोष्टींना तज्ज्ञांनी दिलेलं ते नाव असतं. नाव माणसांनी ठरवलेलं आहे, त्रास ठरवलेला नाही. तू लेबल कापतोस, कामं अर्धी राहतात, ताणाने डॉक्टरांकडे जावं लागलं, हे कुठल्याच आवृत्तीने बदलत नाही. तेव्हा हो, उद्या तिसरं नावही येऊ शकतं. ते आलं तर एवढंच विचार: या नावामुळे मला कोणती मदत मिळेल, जी आधी मिळत नव्हती?

या प्रश्नाचं उत्तर आत्ताच तुझ्या हातात आहे. ऑटिझमच्या मूळ लक्षणांवर औषध नाही. एडीएचडीवर आहे आणि त्यामागे बरीच वर्षं जमवलेला पुरावा आहे. नवं निदान तुला ते दार उघडून देतं. मात्र ऑटिझम असलेल्या मुलांमध्ये या औषधांचा उपयोग काहीसा कमी आणि दुष्परिणाम जास्त दिसलेले आहेत, म्हणून कमी मात्रेपासून सुरुवात करणार का, किती आठवड्यांनी फेरविचार करणार, झोप आणि भूक यांच्यावर लक्ष कसं ठेवायचं, हे डॉक्टरांना मोकळेपणाने विचार. विचारताना कागदावर लिहून ने. औषध नको वाटलं तरी निदान वाया जात नाही. काम वाटून घेणं, लेखी सूचना मागणं, शांत जागा मागणं, यासाठी ते उपयोगी पडतं. ऑफिसात सांगायचं की नाही हे घाईने ठरवू नकोस. आधी कोणती सवलत हवी ते ठरव, मग त्यासाठी निदान सांगणं लागतं का ते बघ.

'एस्पर्जर' हा शब्द गेल्याचं तुला वाईट वाटतंय, ते तू थेट लिहिलेलं नाहीस, पण मित्रांच्या उल्लेखात मला ते दिसलं. तुझी माणसं तुला त्या शब्दाने भेटली. बोलताना तो वापरायला कुणाची बंदी नाही. अनेक जण आजही वापरतात. काही जण जाणूनबुजून टाळतात, कारण ज्यांच्या नावावरून तो शब्द आला त्या डॉक्टर हान्स एस्पर्जर यांनी नाझी राजवटीतल्या अपंग मुलांच्या हत्येच्या योजनेला हातभार लावल्याचे पुरावे इतिहासकार हेरविग चेक यांनी २०१८ मध्ये पुढे आणले. तो शब्द डीएसएममधून गेला त्याचं कारण हे नव्हतं, तो आधीच पाच वर्षं गेला होता. हे ठाऊक असू दे आणि तुझं तू ठरव.

राहिली आई. 'तुझा काही दोष नाही' असं नुसतं म्हटलंस तर तिला ते पटणार नाही. पुढच्या वेळी तिला डॉक्टरांकडे सोबत घेऊन जा. एडीएचडीचं निदान पक्कं करताना बाराव्या वर्षाआधीचं वागणं विचारावं लागतं, घरचंही आणि शाळेचंही, आणि ते तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. जुनी फाईल, प्रगतिपुस्तकं, बाईंचे शेरे, काय असेल ते घेऊ दे. २००८ मध्ये तिने जो प्रश्न विचारला होता तोच तिने या डॉक्टरांना पुन्हा विचारावा. या वेळी त्याला वेगळं उत्तर मिळेल.

तुझी,
ताई