क्लच, कॅरम आणि कुलूप

प्रश्न : माझी १५० सीसीची मोटारसायकल ४२ हजार किलोमीटर चाललीय. दुकानदाराच्या सांगण्यावरून इंजिन ऑइलमध्ये मॉलिब्डेनमचं काळं ॲडिटिव्ह ओतलं. आवाज कमी झाला, पण आता कुंभार्ली घाटात रेस वाढते आणि गाडी ओढतच नाही. इंजिन बसलं का? (चिपळूण)

उत्तर : इंजिनाला बोल लावू नका, लक्षणं क्लच घसरल्याची आहेत. आधी बिनपैशाची तपासणी करा. क्लच लिव्हरला टोकाशी १०-१५ मिलिमीटर ढिलाई हवी. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत सापडेल. केबल ताठ असेल तर ॲडिटिव्हचा दोष नसेलही.

ढिलाई बरोबर निघाली, तर मात्र माझा संशय त्या काळ्या डब्यावरच. त्यातलं मॉलिब्डेनम डायसल्फाइड, आमच्या भाषेत ‘मॉली’, म्हणजे मधे मॉलिब्डेनम, वर-खाली गंधक, असे खारीच्या पापुद्र्यांसारखे थर. पापुद्रा आतून घट्ट, पण शेजारच्याला जेमतेम धरलेला, त्यामुळे जरा रेटा बसला की सरकतो. पिस्टनजवळ हे छानच. पण आपल्या बहुतेक मोटारसायकलींत क्लच त्याच तेलात बुडालेला असतो, आणि त्या प्लेटा एकमेकींना घट्ट धरतात म्हणून तर चाक फिरतं. तिथे घर्षण कमी केलंत की रेस इंजिनातच राहते.

तेल गरम असताना काढा, गाळणी साफ करा आणि डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए-२’ (तेलात बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या तेलाची जपानी मानक-खूण) लिहिलेलं तेल भरा. शंभरेक किलोमीटरनंतर तेही बदला. ‘एमबी’ स्कूटरसाठी ठीक, कारण तिचा क्लच तेलाबाहेर कोरडा असतो. मोटारींच्या पातळ, इंधन वाचवणाऱ्या तेलांतही घर्षण घटवणारी रसायनं असतात, तेव्हा भावाच्या कारचं उरलेलं तेल बाइकला नको. इतकं करूनही घसरत असेल तर प्लेटा जळल्या असतील, त्या बदलाव्या लागतील.

हा धडा मी स्वतःही महागात शिकलोय. वर्कशॉपमध्ये नवा असताना एका प्रेसच्या बोल्टांच्या आट्यांना मॉलीची पेस्ट चोपडली आणि कोरड्या आट्यांसाठी दिलेल्या आकड्यालाच टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते मोजणारा) ओढला. दुसऱ्या बोल्टचं डोकं पान्यातच राहिलं. नेहमी आपल्या जोरातला बहुतांश आट्यांत आणि डोक्याखालच्या घर्षणात जातो, बोल्ट ताणायला शंभरातले दहा-पंधरा भाग उरतात. घर्षण घटलं, ताण वाढला, बोल्ट गेला. फोरमन दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

प्रश्न : कॅरमला बोरिक पावडरच का? आईची टाल्कम चालणार नाही का? (इयत्ता नववी, डोंबिवली)

उत्तर : टाल्कही थरांचाच बनलेला आहे, त्यामुळे थोडंफार चालेल. पण अंगाच्या पावडरीत सुगंध आणि इतर मिसळ असते, ती फळीला चिकटून बसते. बोरिक ॲसिडचेही रेणू पातळ पत्र्यांसारखे पसरलेले असतात आणि पत्र्या-पत्र्यांतली ओढ अगदी दुबळी. सोंगटी सरकते ती त्या पत्र्यांवरून. अमेरिकेतल्या आरगॉन प्रयोगशाळेत या बोरिक ॲसिडवर वंगण म्हणून रीतसर संशोधन झालंय, हे तुझ्या खेळणाऱ्या मित्रांना सांग!

चिमूटभर पुरे. ढीग टाकलास तर स्ट्रायकर नांगरासारखा रुततो. पावसाळ्यात पावडर गोळा होते, म्हणून फळीवर टांगलेला जुना पिवळा बल्ब उजेडाबरोबर ऊबही द्यायचा. एलईडी लावल्यापासून आमच्या मंडळाची फळी जुलैत मंदावली आहे. खेळून झाल्यावर हात धू, ही पावडर पोटात जायची नाही.

प्रश्न : रत्नागिरीच्या घराचं कुलूप दर गणपतीला अडतं. दरवर्षी खोबरेल सोडतो. दमट हवेत ग्रॅफाइट टिकेल का?

उत्तर : खोबरेल बंद करा, ते धूळ धरतं आणि चिकट होतं. ग्रॅफाइटला तर तुमची दमट हवा मानवते. त्याच्या थरांना सरकायला हवेतली वाफ लागते. दुसऱ्या महायुद्धात खूप उंचावरच्या कोरड्या, विरळ हवेत विमानांच्या जनरेटरचे कार्बन ब्रश (फिरत्या भागाला टेकून वीज घेणारे ग्रॅफाइटचे ठोकळे) भराभर झिजून पूड होत, ते याच कारणाने. मॉलीचं नेमकं उलटं, तिला पोकळी आवडते, म्हणून अवकाशयानांत तीच.

कुलूप आधी रॉकेलने धुऊन पुरतं वाळवा, नाहीतर जुनं तेल आणि ग्रॅफाइट मिळून लगदा होईल. ग्रॅफाइटची पूड हार्डवेअरच्या दुकानात मिळते. नसेल तर ६बी पेन्सिल किल्लीच्या दातांवर दोन्ही बाजूंनी घासा. एचबी नको, तिच्यात माती जास्त. किल्ली पाच-सहा वेळा फिरवा, आणि मखराच्या पांढऱ्या कापडाला हात लावण्याआधी साबणाने धुवा.