‘द एन्चांटेड एप्रिल’ प्रेमकथा म्हणून वाचावी का? शेवट पटत नाही असं बरेच जण म्हणतात. तुमचं मत काय?

जरूर वाचा. फक्त, दोन अनोळखी माणसं प्रवासात भेटतात आणि प्रेमात पडतात, ही अपेक्षा बाजूला ठेवा. ‘अर्धं पुस्तक संपलं तरी काही घडतच नाही’ ही तक्रार बहुतेक त्या अपेक्षेतूनच येते.

एलिझाबेथ फॉन आर्निमची ही कादंबरी 1922ची. लंडनच्या एका लेडीज क्लबात लॉटी पेपरमधली जाहिरात वाचते: इटलीत समुद्रकाठचा छोटा जुना किल्ला एप्रिलपुरता भाड्याने देणे आहे. समोर बसलेली रोझही तेच पान वाचत असते. दोघी याआधी कधी एकमेकींशी बोललेल्याही नाहीत. भाडं 60 पौंड, म्हणून वाटणीला आणखी दोघी येतात: चाहत्यांना विटलेली लेडी कॅरोलिन आणि ख्यातनाम दिवंगत लेखकांच्या आठवणींत रमलेल्या मिसेस फिशर. लॉटी आणि रोझ दोघी विवाहित, पण नवऱ्यांना न घेता निघालेल्या.

त्या दोघी पोचतात रात्री, भर पावसात, काळोखात. आपण नक्की कुठे आलोय तेही कळत नाही. सकाळी लॉटी खिडकीची झडप उघडते आणि समोर ऊन, शांत समुद्र, खाली फुलांचा नुसता बहर. इथून ती बदलते, आणि माझ्या मते पुस्तकाचा जीव इथेच आहे. घरी ती प्रेमाचाही हिशेब ठेवायची: त्याने जेवढं दिलं तेवढंच मी देणार. इथे आल्यावर तिला तो हिशेब क्षुद्र वाटू लागतो आणि ज्या नवऱ्यापासून सुटका हवी होती त्यालाच ती पत्र लिहून बोलावते. काही वाचकांना हे माघार घेणं वाटतं. मला नाही वाटत. ती त्याच्या धाकाने बोलवत नाही, स्वतः भरून पावल्यावर बोलवते. आणि हे तिला जमतं ते अनोळखी बायकांमध्ये राहिल्यामुळेच. ओळखीच्या गोतावळ्यात माणसाला जुन्यासारखंच वागावं लागतं. इथे तिला ‘तू अशी नव्हतीस’ म्हणणारं कुणी नाही.

शेवटाबद्दल मात्र तक्रार करणाऱ्यांशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे. (पुढे शेवट फोडतेय.) किल्ल्याचा मालक ब्रिग्ज कॅरोलिनला पाहताक्षणी घायाळ होतो. म्हणजे ज्या रूपापायी ती माणसांपासून पळतेय, त्यावरच पुन्हा एक जण भाळतो. या कादंबरीवरच्या माइक न्यूवेलच्या सिनेमात हे ओळखून ब्रिग्जला जवळजवळ दृष्टिहीन केलंय, आणि ती जोडी तिथे जास्त पटते.

रोझच्या नवऱ्याचं, फ्रेडरिकचं, प्रकरण याहून गंभीर. तो येतो कॅरोलिनला भेटायला. बायको तिथे आहे हे त्याला माहीतही नसतं. रोझला वाटतं, आपण पत्र लिहिलं म्हणून आला. ती धावत जाऊन त्याला मिठी मारते आणि तो गप्प राहतो. कॅरोलिनच्या सगळं लक्षात येतं, तीही सावरून घेते. बरेच वाचक इथे चिडतात, आणि ते बरोबरच आहे, कारण रोझचा आनंद एका लपवलेल्या गोष्टीवर उभा राहतो आणि ती गोष्ट तिला ठाऊक नाही. पण लेखिकेने हे नकळत केलं असं मला वाटत नाही. फ्रेडरिकची आतली तारांबळ आणि शरम तिने सविस्तर लिहिली आहे. त्याचं रोझवरचं प्रेम त्या घटकेला खरंच जागं होतं, हेही. मला तो माणूस आवडला नाही, तरी हे पान पुन्हा वाचलं.

इंग्रजी जुन्या वळणाचं, वाक्यं लांब. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या ऑनलाइन संग्रहावर पुस्तक फुकट मिळतं. लंडनमधली सुरुवात संथ आहे. किल्ल्यावरची पहिली सकाळ येईपर्यंत सोडू नका. तिथेही मन रमलं नाही, तर खुशाल बंद करा.