लुडोसारखा गेम काढावा का? डाऊनलोडचा आकडा कसा वाचायचा

भाऊ, तुमचा प्रश्न असा की दारव्ह्याजवळच्या गावात बसून दोघं मित्र लुडोसारखा गेम बनवताय; प्ले स्टोअरवर अशा गेमपुढे कोट्यवधी डाऊनलोड दिसतात, त्यातले थोडे आले तरी भागेल का?

आधी तो आकडा समजून घ्या. '१० लाख+' हा सुरुवातीपासूनचा जमा आकडा असतो. दुसऱ्या दिवशी गेम काढून टाकणाराही त्यात धरलेला असतो, म्हणून तो उतरत नाही. बाजार समितीत आवक वेगळी, भाव वेगळा. डाऊनलोड ही नुसती आवक. समजा रोज १,००० जण खेळतात, प्रत्येकाला ४ जाहिराती दिसतात आणि हजार जाहिरातींमागे २५ रुपये मिळतात. दिवसाचे झाले १०० रुपये. भारतातला हजारी दर अमेरिकेच्या मानानं फार खाली असतो, हे धरूनच चाला.

जुना ठोकताळा सांगतो: १०० जणांनी गेम घेतला तर दुसऱ्या दिवशी ४०, सातव्या दिवशी २०, तिसाव्या दिवशी १० परत यावेत. गूगलच्या फायरबेस या साधनात हे फुकटात दिसतं. दुसऱ्या दिवशीच २०च्या खाली असाल तर प्रचारावर एक रुपयाही घालू नका.

२०१८च्या सुमारास हेलिक्स जंपसारखे एका बोटाचे गेम जोरात होते: स्वस्त जाहिरातीतून माणूस आणायचा, त्याला भराभर जाहिराती दाखवून वसुली करायची. एप्रिल २०२१ला ॲपलनं आयफोनवर जाहिरातींसाठी वापरणाऱ्याचा माग काढण्याआधी त्याची परवानगी विचारणं सक्तीचं केलं, नेमका ग्राहक शोधणं महागलं आणि ते गणित मोडलं. तेव्हापासून सोपा खेळ, पण आत टप्पे, बक्षिसं आणि थोडी खरेदी, अशा मिश्र गेमकडे कल गेला. कँडी क्रश २०१२चा, तरी अजून कमावतो. त्याचं कारण हेच टप्पे.

लुडोचं म्हणाल तर लुडो किंग २०१६चा, नवी मुंबईतल्या कंपनीचा, २०२०च्या लॉकडाऊनमध्ये घराघरात गेला. जिथं मामा-मावशी आधीच खेळतात तिथंच माणूस जातो. तुमच्या रिकाम्या पटावर कोण येईल? माझं मत स्पष्ट आहे, लुडो सोडा, एकट्यानं खेळायचं कोडं घ्या. पैसे लावून खेळायचा तर विचारही नको, २०२५च्या केंद्रीय कायद्यानं त्यावर बंदी आहे.

आता नेहमी अडकतं ते. प्ले स्टोअरवर नोंदणीचे २५ डॉलर एकदाच. नव्या वैयक्तिक खात्याला १२ जणांची सलग १४ दिवस चाचणी लागते. मधेच कोणी बाहेर पडला तर संख्या कमी भरते, म्हणून १८ जण घ्या. त्यांच्यात २-३ जीबी रॅमचे जुने फोन हवेतच. ॲप बंद पडण्याचं प्रमाण १.०९ टक्क्यांवर किंवा अडकून राहण्याचं ०.४७ टक्क्यांवर गेलं की प्ले स्टोअर गेम मागे ढकलू शकतं.

पावसात टॉवर गेला तरी गेम चालला पाहिजे. बक्षिसाची जाहिरात (पूर्ण पाहिली की गेममध्ये बक्षीस मिळतं ती) नेट असतानाच आधी भरून ठेवा, आणि ती तयार नसेल तर बटण लपवा. बटण दाबून काहीच झालं नाही की माणूस गेम काढूनच टाकतो. पहिल्या तीन टप्प्यांत मधेच येणारी जाहिरात ठेवू नका.

स्वतःच्या जाहिरातींवर क्लिक करू नका, मित्रांनाही करू देऊ नका. एकाच हॉटस्पॉटवरून क्लिक आले की खातं बंद पडायची भीती. तपासायला चाचणीच्या जाहिराती असतात. ॲडमॉबमध्ये, म्हणजे गेममध्ये जाहिराती देणाऱ्या गूगलच्या सेवेत, १० डॉलर जमले की पत्ता तपासायला पिन (गुप्त आकडा) साध्या टपालानं येतो. मु. पो., तालुका, जिल्हा, पिनकोड नीट लिहा आणि पोस्टमास्तरांना सांगून ठेवा. चार महिन्यांत तो पिन भरला नाही तर जाहिराती थांबतात. पैसे मात्र १०० डॉलर झाल्यावरच सुटतात.

आणखी एक. ऑक्टोबर ते डिसेंबर जाहिरातींचा दर चढतो, जानेवारीत पडतो. तेव्हा कमाई घसरली म्हणून लगेच कोड उकरू नका. परत येणाऱ्यांचा आकडा जागेवर असेल तर फक्त दर उतरलाय.